कॉलरची दोन बटणं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते विषय ठरवूनच आले होते. 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपल्या मुलांचं भवितव्य'. मी म्हटलं, या विषयावर आपल्या बॅचच्या ग्रुपवर रोज सकाळी इतकं ज्ञान येतं की त्यात माझी भर कशाला? वीस मिनिटं देणार असाल तर मी कपड्यांवर बोलेन. तेही पुरुषांच्या कपड्यांवर. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग हळूच प्रश्न आला, "तू अजून सॉफ्टवेअरमध्येच आहेस ना?"

आहे. वीस वर्षं उलटून गेली. पण सोलापूरच्या माणसाला कापडावर बोलायला वेगळी पदवी लागत नाही. आपल्यातल्या निम्म्या जणांच्या घरी माग होता, आणि उरलेल्यांच्या गल्लीत होता. चादरीचं काम कमी झालं तसं आपल्या कितीतरी घरांतली माणसं शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत गेली. माझे नान्ना त्यातलेच. आज देशात कुठल्याही गावी पोरगं नव्या गणवेशात दिसलं की मी आधी कॉलरच्या आत लेबल कुठलं ते बघते. सवय जात नाही.

तर आज मी ज्या माणसाबद्दल बोलणार आहे त्यांचं नाव तोशियुकी कुरोसू. जन्म 1937, देश जपान. या माणसानं आयुष्यभर एकाच गोष्टीचा ध्यास घेतला: अमेरिकेतल्या जुन्या विद्यापीठांतली मुलं शर्ट, कोट, पँट, बूट कसे घालतात. ज्या वयात त्यांना हे वेड लागलं त्या वयात त्यांनी अमेरिका पाहिलेली नव्हती.

कामानिमित्त मी काही वर्षं टोकियोत होते. राहायला निशी-कासाईला. तिकडे आपली माणसं पुष्कळ, त्यामुळे कढीपत्त्यापासून गणपतीपर्यंत सगळं मिळतं. आमच्या टीममध्ये निवृत्तीला आलेले एक गृहस्थ होते. रोज तसाच शर्ट, जाडसर सुती, कॉलरच्या दोन टोकांना दोन छोटी बटणं. वर्षभर बघून मी शेवटी विचारलं, ही बटणं कशाला? त्यांनी उत्तर दिलं नाही. शनिवारी मला जिम्बोचोला घेऊन गेले. तो जुन्या पुस्तकांच्या दुकानांचा भाग आहे, आपल्याकडच्या रद्दीवाल्यांसारखा, फक्त फार टापटीप. तिथे त्यांनी माझ्या हातात एक पुस्तक ठेवलं. 'टेक आयव्ही', 1965 सालचं. मजकूर जपानी, फोटो सगळे अमेरिकेतले. त्या पुस्तकाच्या लेखकांपैकी एक कुरोसू.

आयव्ही म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या ईशान्येकडची आठ जुनी विद्यापीठं: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे. 1950च्या सुमारास तिथल्या मुलांचा एक पेहराव ठरून गेला होता. कोट ढगळ, कंबरेत न आवळलेला, खांद्यात भरण जवळजवळ नाही. समोर तीन बटणं, पण वरचं बटण कोटाच्या दुमडीत गेलेलं, ते लावायचंच नाही. खाकी पँट, लेस नसलेले बूट. आणि तो शर्ट. कॉलरच्या बटणांचं मूळ असं सांगतात की इंग्लंडमध्ये पोलो खेळणारे घोड्यावरून दौडताना कॉलर तोंडावर येऊ नये म्हणून ती बटणांनी खाली अडकवत. न्यूयॉर्कच्या ब्रूक्स ब्रदर्स या दुकानानं ते उचललं आणि 1896 पासून असे शर्ट विकायला घेतले. म्हणजे अमेरिकनांनीही ते कुणाचं तरी बघूनच घेतलेलं. हे लक्षात असू द्या.

आता जपान. युद्ध हरलेला देश. कॉलेजच्या मुलांना एकच पोशाख: काळा, उभ्या कॉलरचा, सोनेरी बटणांचा गणवेश. पुरुषानं कपड्यांचा विचार करणं बायकी समजलं जाई. सूट हवा तर शिंप्याकडे जायचं, आणि शिंपी देईल तो घ्यायचा. तयार कपड्याला तर प्रतिष्ठाच नव्हती. जपानीत त्याला 'टांगलेला' अशा अर्थाचा शब्द होता. नान्नांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, आपल्याकडेही 'रेडिमेड' म्हणताना लोक असंच नाक मुरडायचे.

अशा काळात केइओ विद्यापीठातला हा मुलगा जाझ वाजवत होता आणि अमेरिकन मासिकांतले फोटो बघत होता. चित्रकलेच्या वर्गात त्याला काझुओ होझुमी भेटले. ते वास्तुकला शिकलेले, पुढे चित्रकार झाले. दोघांनी आणखी काही जणांना गोळा करून 1959 मध्ये सात जणांचा क्लब काढला. काम एकच: आयव्ही पोशाखाचा अभ्यास. शिंप्याकडे बसून, फोटो दाखवून, त्यांनी सूट शिवून घेतले. शिंप्याला हे ध्यान कळेना. खांदे नकोत, कंबर नको, मग सूट म्हणायचं कशाला? त्या सुटांतले त्यांचे फोटो मासिकात छापूनही आले. ते सूट अस्सलच्या जवळपासही नव्हते, हे कुरोसूंनीच नंतर हसत सांगितलेलं आहे.

त्यांना पोसणारा माणूस होता केन्सुके इशिझू. जन्म 1911, गाव ओकायामा. आता हे नाव आपल्याला नवीन नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावर जी पु. ल. देशपांडे यांच्या नावाची बाग आहे ती पुणे–ओकायामा मैत्रीची बाग, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली. आपण इंजिनिअरिंगला असताना ती नव्हती, नाहीतर आपल्या वर्गातल्या दोघातिघांची लग्नं लवकर जमली असती. दुसरं म्हणजे ओकायामातच कोजिमा नावाचा भाग आहे. तिथे काय होतं? शाळेचे गणवेश. देशभरातल्या पोरांचे गणवेश तिथे शिवले जात, आणि जपानची जीन्सही पुढे तिथेच शिवली जाऊ लागली. मला तर ते वाचल्यावर वाटलं, हे सोलापूरच आहे, फक्त तिथे समुद्र आहे.

इशिझूंना लहानपणापासून कपड्यांचा नाद. दुसऱ्या शाळेचा गणवेश आवडला म्हणून तिथे घाला असा घरी हट्ट धरलेला. युद्धाच्या काळात ते चीनमध्ये तिआनजिनला होते. युद्ध संपल्यावर तिथे ओब्रायन नावाच्या एका अमेरिकन लेफ्टनंटशी ओळख झाली. तो प्रिन्स्टनला शिकलेला. त्याच्याकडून त्यांनी आयव्ही विद्यापीठांबद्दल पहिल्यांदा ऐकलं. जपानला परतून त्यांनी ओसाकात कपड्यांचा धंदा काढला. नाव 'व्हॅन'. 1959च्या अखेरीस ते स्वतः अमेरिकेला गेले, प्रिन्स्टन बघून आले, नमुन्याचे कपडे घेऊन आले. कारखान्यात ते उसवून बघायचे आणि पुन्हा शिवायचे. आमच्या धंद्यात याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. नान्ना याला 'माल फोडून बघणं' म्हणतात. मला दुसरा शब्द जास्त बरोबर वाटतो.

कुरोसू 1961 मध्ये व्हॅनमध्ये लागले. आणि इथून माझ्या आवडीचा भाग सुरू होतो.

त्यांच्यापुढची अडचण बघा. दुकानात कोट ठेवला, किंमत लावली. पण घेणाऱ्या मुलानं हा कोट कोणावर बघितलेलाच नाही. बापानं कधी घातला नाही, मास्तरांनी नाही, शेजाऱ्यानं नाही. बटणं किती लावायची? पँट बुटाला टेकते का? टाय केवढा रुंद? हे सांगणारं घरात कुणी नाही. म्हणून इशिझू आणि कुरोसू 'मेन्स क्लब' या मासिकातून महिनोन्महिने लिहीत राहिले. हे असं, ते तसं. हे लग्नाला, ते सहलीला. तीन बटणांपैकी कुठलं लावायचं, कॉलरचं बटण का उघडं ठेवायचं नाही, शर्टाच्या पाठीला चुणी कशी हवी. वाचक प्रश्न पाठवत, कुरोसू उत्तरं देत. इशिझूंनी यासाठी तीन अक्षरंच काढली, टीपीओ: वेळ, जागा, प्रसंग. तो शब्द जपानीत इतका मुरलाय की आमच्या ऑफिसच्या सूचनांतही तो असायचा, आणि तो इंग्रजीतून आलेला नसून जपानात घडलेला आहे हे ऐकून मला मजा वाटली होती.

यावर त्या वेळी आणि नंतरही पुष्कळ लोक हसले. कपडे काय नियम पाठ करून घालायचे असतात? ही तर घोकंपट्टी. नक्कल.

मित्रांनो, हा शब्द आपण किती वेळा ऐकलाय!

आमच्या कॉलेजात कॅम्पस इंटरव्ह्यूची नोटीस लागली. खाली एक ओळ: 'उमेदवारांनी फॉर्मल पोशाखात यावे.' बस. फॉर्मल म्हणजे काय, हे लिहायची गरज कुणाला वाटली नाही, कारण ज्यानं लिहिलं त्याला माहीत होतं. मुलांच्या होस्टेलवर एका पॅसेजमध्ये मिळून एकच ब्लेझर होता. ज्याचा इंटरव्ह्यू आधी त्याला आधी. बाहेर आला की जिन्यातच उतरवून पुढच्याला द्यायचा. बाह्या कुणाला मनगटाच्या खाली, कुणाला चार बोटं वर. आम्हा मुलींमध्ये साडी की पंजाबी ड्रेस यावर रात्रभर चर्चा. आणि आमच्या वर्गातला एक हुशार मुलगा, गणितात पहिला येणारा, काळ्या बुटांत पांढरे मोजे घालून गेला. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एकानं त्याला विचारलं, "क्रिकेट खेळायला आलायस का?" सगळे हसले. तोही हसला, आणि पुढच्या प्रश्नांना त्याचा आवाजच फुटला नाही. ती कंपनी कुठली ते सोडा. मोजे काळे घाल, एवढंच त्याला कुणी आदल्या दिवशी सांगितलं असतं तर? एक ओळीचा नियम होता तो.

कुरोसूंचा वाचक म्हणजे पांढरे मोजे घालणारा तो मुलगा. त्याला 'सहज वाग, मनाला येईल ते घाल' असं सांगणं फार सोपं आहे. ज्याच्या घरी तीन पिढ्या ते कपडे आहेत त्याला सहजपणा येतो. बाकीच्यांना वही लागते.

जपानात मुलांनी ही वही मनापासून उचलली, आणि त्यांना त्याचा त्रासही झाला. 1964च्या उन्हाळ्यात टोकियोच्या गिंझा भागात, मियुकी रस्त्यावर, आयव्ही घातलेली पोरं जमायला लागली. काही करत नव्हती. कागदी पिशव्या घेऊन नुसती उभी राहायची, एकमेकांचे कपडे बघायची. दुकानदारांनी तक्रारी केल्या. ऑलिम्पिक तोंडावर आलेलं, परदेशी पाहुण्यांना हे काय दिसणार? सप्टेंबरात साध्या वेशातल्या पोलिसांनी धाड घातली आणि दोनशेच्या आसपास पोरांना थांबवलं, कितीकांना चौकीवर नेलं. कारण काय, तर कॉलरला बटणं. महिनाभरानं, 10 ऑक्टोबरला, ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला जपानचा संघ मैदानात आला तो लाल ब्लेझर आणि पांढऱ्या पँटीत. चौकीवर जाऊन आलेल्या पोरांना टीव्हीवर ते बघून काय वाटलं असेल!

पोलिसांना आणि पालकांना पटेना की अमेरिकेतली सभ्य घरची, शिकलेली मुलं खरंच असे कपडे घालतात. मग दाखवूनच देऊ, असं व्हॅननं ठरवलं. 1965च्या मे महिन्यात एक छोटं पथक अमेरिकेला गेलं. त्यात कुरोसू, इशिझूंचा मुलगा शोसुके, आणि छायाचित्रकार तेरुयोशी हायाशिदा. फिल्म काढायची, फोटो काढायचे. त्या काळी जपान्यांना परदेशी जाणं केवढं महाग होतं ते सांगायला नको.

हार्वर्डच्या फाटकाशी कॅमेरा लावून सगळे उभे राहिले. आता तीन बटणांच्या कोटातली मुलं बाहेर येणार. आणि मुलं आली ती कापलेल्या, कडेनं उसवलेल्या अर्ध्या चड्ड्यांत, पायात सपाता. कुरोसूंचं काय झालं असेल ते तुम्ही ओळखा. सहा वर्षं नियम लिहिले, मुलांनी त्यापायी पोलिसांचा मार्ग बघितला, आणि इथे हार्वर्डची पोरं आपल्या सात रस्त्याला दूध आणायला निघाल्यासारखी.

पण त्यांनी कॅमेरे बंद केले नाहीत. जे दिसेल ते घेतलं. सायकलवरची, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरची, कॅन्टीनमध्ये ताट घेऊन उभी, बोटी वल्हवणारी, मोजे न घालता बूट घातलेली. चड्ड्यांतली सुद्धा. नियमात न बसणारं काही लपवलं नाही, म्हणून ते पुस्तक मला प्रामाणिक वाटतं. नाव 'टेक आयव्ही' ठेवलं ते डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीच्या 'टेक फाइव्ह' या जाझ तुकड्यावरून. कुरोसूंमधला वादक शेवटपर्यंत जिवंत होता.

एक गोष्ट मात्र मला त्या फोटोंत लगेच खुपली. मुली जवळपास नाहीतच. नंतर कळलं, येल आणि प्रिन्स्टननं पदवीच्या वर्गांना मुली घेतल्या त्याच मुळी 1969 मध्ये. म्हणजे त्या पोशाखाचं सोडा, मला फाटकातूनच परत पाठवलं असतं. पैसेवाल्या, गोऱ्या पोरांचे कपडे आहेत ते, हे मी विसरत नाही. तरी मी ते पुस्तक विकत घेतलं, आणि किंमत घरी सांगितली नाही.

पुढे काय झालं ते ऐका. 1965 नंतर चारपाच वर्षांत अमेरिकेतली विद्यापीठं बदलली. व्हिएतनामचं युद्ध, मोर्चे, लांब केस, जीन्स. तो पेहराव गेला. आणि घालणाऱ्यांपैकी कुणी तो लिहून ठेवला नव्हता. कोण लिहिणार? आपण चहात साखर किती घालतो हे कुणी लिहून ठेवतं का? लिहिला होता तो जपान्यांनी. पुढे अमेरिकेतच या पुस्तकाच्या जुन्या प्रती हजार डॉलरांच्या वर गेल्या, आणि 2010 मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रकाशनानं ते इंग्रजीत काढलं. आपल्या आजोबांनी काय घातलं होतं ते अमेरिकन पोरं जपानी पुस्तकात बघायला लागली.

व्हॅन तोवर राहिली नव्हती. फार पसरली आणि 1978 मध्ये बुडाली. इशिझू 2005 मध्ये वारले, 93 वर्षांचे होऊन. पण त्यांच्या हाताखाली तयार झालेला एक माणूस, योशिओ सादासुए, यानं 1993 मध्ये कामाकुरा गावी शर्टांचं दुकान काढलं, आणि 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर शाखा उघडली. ब्रूक्स ब्रदर्सच्या त्याच रस्त्यावर, त्याच कॉलरच्या बटणांचे शर्ट. आणि तुमच्यातल्या मुंबईकरांनी कुर्ल्याच्या मॉलमध्ये जे युनिक्लो बघितलंय ना, त्याच्या मालकाच्या वडिलांचं पुरुषांच्या कपड्यांचं दुकान होतं, तिथे व्हॅनचाच माल असायचा.

माझ्या कामात मी हे रोज बघते. टोकियोत आम्ही जी प्रणाली बदलायला गेलो होतो ती तीस वर्षांपूर्वी लिहिलेली. लिहिणारे निवृत्त. त्यांनी काही नोंदवून ठेवलेलं नाही, कारण त्यांना सगळं तोंडपाठ होतं. उपयोगी पडल्या त्या एकाच माणसाच्या नोंदी. तो दुसऱ्या विभागातून नवीन आलेला, त्याला काहीच कळत नव्हतं, म्हणून त्यानं प्रत्येक गोष्ट विचारून लिहून ठेवली होती. आतल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत. बाहेरच्याला पडतात.

आपल्या कापडाचाही यात एक किस्सा आहे. आयव्ही मंडळींना मद्रास चेक्सचं फार वेड, तो आपल्या दक्षिणेतला हातमागाचा रंगीत चौकडा. 1958 साली सी. पी. कृष्णन नायर यांनी, म्हणजे ज्यांनी पुढे मुंबईत विमानतळाजवळ लीला हॉटेल बांधलं त्यांनी, असं कापड एका अमेरिकन व्यापाऱ्याला विकलं. कथा अशी सांगतात की नायरांनी बजावलं होतं, हे कापड थंड पाण्यात, हलक्या हातानं, वेगळं धुवायचं. कापड बोटीनं अमेरिकेला पोचलं, ब्रूक्स ब्रदर्सकडे गेलं, कपडे शिवले गेले, विकले गेले. ती एक सूचना मात्र वाटेत कुठेतरी राहिली. लोकांनी मशिनमध्ये टाकले, रंग सुटला, ओरड झाली. मग जाहिरातवाल्यांनी डोकं चालवलं: रंग सुटेल याची हमी! आणि तेच खपलं. सोलापुरात पाच वर्षांच्या पोरीलाही माहीत असतं की नवी चादर पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात वेगळी भिजवायची. पण ते चादरीवर लिहिलेलं असतं का?

आता बाईंकडे येते. बाई, तुम्ही पहिल्या रांगेत बसलाय म्हणून जरा भीती वाटतेय.

नव्या पिढीच्या मुलांना सांगते, आमचा वर्ग मराठी माध्यमाचा, पण पूर्व भागातल्या आम्हा निम्म्या पोरांच्या घरी तेलुगू. काहींच्या घरी कन्नड, काहींच्या उर्दू. तेलुगूत बाई आली आणि बस आली, दोन्हींना क्रियापद एकच, 'वच्चिंदी'. बाईमाणूस आणि वस्तू यांत व्याकरण फरकच करत नाही. मराठीत मात्र प्रत्येक खिळ्यामोळ्याला लिंग. खिळा तो, भिंत ती, दार ते. का? मी माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला विचारलं, ती अस्सल मराठी घरातली. भिंत 'ती' का गं? ती म्हणाली, "म्हणजे काय? ती भिंतच आहे!" तिला यात प्रश्नच दिसेना. हार्वर्डच्या पोरांना कुणी कोटाबद्दल विचारलं असतं तर त्यांचंही असंच झालं असतं.

पाचवीच्या दिवाळीनंतर बाईंनी आम्हा दहाबारा जणांना मधल्या सुट्टीत थांबवून घेतलं. शंभर पानी वहीत तीन रकाने आखायला लावले: तो, ती, ते. आकारान्त बहुधा तो, ईकारान्त बहुधा ती, एकारान्त बहुधा ते. मुलगा, पोळी, केळे. आणि मग खाली लाल शाईनं अपवाद. हत्ती आणि मोती ईकारान्त असून 'तो'. पाणी, लोणी, दही 'ते'. रोज दहा शब्द. वर्गातली पोरं आम्हाला 'रकानेवाले' म्हणायची. काही मास्तरांनाही ते पटत नव्हतं. भाषा अशी पाठ करून येते का, ती कानावर पडून यायला हवी, असं म्हणायचे. बाई त्यांच्याशी वाद घालत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी पुढचे दहा शब्द.

आठवीत व्याकरणाच्या पेपरच्या आदल्या दिवशी ती भिंतवाली मैत्रीण माझ्याकडे वही मागायला आली होती. ती समोर बसलीय, हसतेय बघा.

नियमांचं सगळंच गोड असतं असं मी म्हणणार नाही. कुरोसूंच्या वाचकांतही पुढे असे लोक तयार झाले की रस्त्यात दुसऱ्याच्या पँटीची रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजायचे. मी टोकियोत तसे पाहिलेत, आणि पुण्यात शुद्धलेखनाचेही पाहिलेत. वही ज्याच्या हातात पडते तो काय करतो, यावर वही लिहिणाऱ्याचा ताबा नसतो. पण ज्या मुलाच्या घरी ते कपडे नव्हते, ज्या मुलीच्या घरी ती भाषा नव्हती, तिला ती वहीच लागली. आज मी तुमच्यापुढे वीस मिनिटं बोलले, त्यात भिंत कुठे 'ते' झाली असेल तर बाई मला जेवताना सांगतीलच.

आपल्या शाळेत आजही पाचवीला तेलुगू आणि कन्नड घरांतली मुलं येतात, असं मुख्याध्यापकांनी सकाळी सांगितलं. आता बंगालीही येतात, बांधकामावरच्या लोकांची. त्यांच्यासाठी तसे रकाने पुन्हा छापून द्यावेत असं मी आणि आणखी तिघांनी ठरवलंय. खर्चाची सोय झाली आहे, वर्गणी मागायला उभी नाही. अडचण वेगळीच आहे. बाईंकडे मूळ वही नाही, त्या म्हणतात सगळं डोक्यातून सांगत होते. माझी वही आईनं माळ्यावर जपून ठेवली होती, पण शेवटची पानं वाळवीनं खाल्ली. 'तो' आणि 'ती' माझ्याकडे पूर्ण आहेत. 'ते'चा रकाना 'लोणी'पर्यंत आहे. त्यापुढची पानं तुमच्यापैकी कुणाकडे असतील तर जेवणाच्या मंडपात, शेंगाचटणीच्या टेबलापाशी, मला भेटा. फोटो काढून घेते, वही तुमची तुम्हाला परत.